बँटम कोंबड्यांचे वंश : लक्षण, प्रत आणि पिलें

इतिहाससंशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत कोंबडीच्या पिलांविषयीं लेख पाहून कित्येक वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु ज्यांनीं पोथ्या जमविण्यांत व प्रती ताडून पाहण्यांत आयुष्य वेंचलें आहे, त्यांस हा विषय मुळींच परका नाहीं असें आम्ही समजतों. ग्रंथकाराच्या हातची मूळ पोथी बहुधा नष्ट झालेली असते. आपल्या हातीं येते ती प्रतीची प्रत. शोभेकरितां पाळलेल्या कोंबड्यांच्या वंशाचेंहि तसेंच आहे. मूळ जोडी केव्हांच मरून गेलेली असते, आणि दरसाल अंड्यांतून निघणारीं पिलें हीच त्या वंशाची नवी प्रत होय. भेद इतकाच कीं, पोथी दोनशें वर्षें रुमालांत बांधून ठेवली तरी वाचतां येते. कोंबड्यांची प्रत मात्र थोड्याच वर्षांच्या आंत पुन्हां उतरून घ्यावी लागते. न घेतली तर वंश बुडाला. मग त्याचें वर्णन कितीहि ग्रंथांत असो, वर्णनावरून पक्षी परत येत नाहीं.

पोथी शुद्ध करणारा मनुष्य दोन प्रकारचे दोष निरनिराळे ओळखतो. कांहीं दोष ज्या आदर्शावरून नक्कल केली त्यांतच असतात व ते त्याच्या सर्व नकलांत उतरतात. कांहीं दोष लेखकाच्या हातून त्या त्या वेळीं नव्यानें घडतात. पिलें अशक्त निघतात किंवा मरतात त्याचींहि अशींच दोन कारणें आहेत: एक वंशांतलें, दुसरें संगोपनांतलें. ह्या दोहोंचा घोटाळा झाल्यामुळें शोभेच्या कोंबड्यांच्या नामांकित वंशांचें फार नुकसान झालें, आणि ज्यानें धोक्याची सूचना प्रथम दिली त्याच्याच नांवाचा वंश त्या घोटाळ्यास बळी पडूं लागला होता, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे. साधनें मुख्यतः तीन: सर जॉन सेब्राइट यांचें १८०९ सालचें पत्र, चार्ल्स डार्विन यांचा १८६८ सालचा ग्रंथ, आणि आंखूडपाय्या कोंबड्यांवरील १९३० सालचें संशोधन.

१. नांवाचा विचार

‘बँटम’ हें नांव जावा बेटाच्या पश्चिम टोंकाकडील बांतन ह्या बंदरावरून पडलें. बांतन ही मिऱ्यांच्या व्यापारानें संपन्न झालेली सल्तनत होती. १५९६ सालीं कॉर्नेलिस द हौटमन ह्याच्या हाताखालीं डचांचीं पहिलीं जहाजें तेथें लागलीं, आणि १६०३ सालीं इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनें तेथें वखार घातली. १६४० सालीं मद्रासेस सेंट जॉर्जच्या किल्ल्याचा आरंभ झाला, तेव्हां तेथील वखार बांतनच्याच हाताखालीं होती. पुढें १६८२ सालीं, म्हणजे शिवछत्रपतींच्या निधनानंतर दोनच वर्षांनीं, डचांच्या वर्चस्वामुळें इंग्रजांस बांतन सोडावें लागलें. वखारींचीं पत्रें चाळणाऱ्या आमच्या वाचकांस हें स्थलनाम ओळखीचें आहेच. तें लहानशा कोंबड्यांस इंग्रजींत लागलेलें दिसतें तें मात्र अठराव्या शतकाच्या मध्यापासून.

परंतु नांव हा उत्पत्तीचा पुरावा नव्हे. येमेनच्या डोंगरांतील कॉफीस मोखा बंदराचें नांव पडलें, कारण ती तेथून जहाजावर चढे. बांतनच्या बंदरांत खलाशांनीं लहान कोंबड्या घेतल्या असतील. तेवढ्यावरून त्यांची जात तेथेंच उपजली असें म्हणतां येत नाहीं. पोथी ज्या गांवीं सांपडली तें गांव ग्रंथकाराचें ठरविण्यासारखेंच तें होईल. कोंबडीच्या मूळ उत्पत्तीचा शोध अलीकडे निराळ्या मार्गानें लागला आहे. २०२० सालीं ८६३ पक्ष्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना प्रसिद्ध झाली. तीवरून चीनचा नैर्ऋत्य भाग, थायलंडचा उत्तर भाग व ब्रह्मदेश ह्या टापूंतील तांबड्या रानकोंबड्याच्या एका पोटजातीपासून पाळीव कोंबडी निघाली असें दिसतें.

बँटम ह्या नांवाखालीं दोन वर्ग मोडतात. ज्यांच्या मोठ्या आकाराचा वंश अस्तित्वांतच नाहीं ते ‘खरे’ बँटम. सेब्राइट व जपानी चाबो हे त्यांपैकीं होत. दुसऱ्या वर्गांत मोठ्या जातींच्या लहान आवृत्त्या येतात. त्यांचें वजन मोठ्या जातीच्या साधारण चतुर्थांश किंवा पंचमांश असतें. इंग्लंडांतील मान्य लक्षणांप्रमाणें सेब्राइट नर सुमारें ६२० ग्रॅमचा व मादी सुमारें ५१० ग्रॅमची असावी. एवढ्या लहान देहांत चूक पचविण्यास जागा थोडी, ही गोष्ट पुढील विवेचनांत ध्यानांत ठेवावी.

२. लक्षणग्रंथ काय सांगतात व काय सांगत नाहींत

कुक्कुट हा आमच्या संस्कृत वाङ्मयास अपरिचित नाहीं. ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत हे भेद विद्यार्थ्यांस शिकवितांना आम्हीहि वर्षानुवर्षें परंपरेप्रमाणें कोंबड्याच्या आरवण्याचाच दाखला दिला. वात्स्यायनाच्या कामसूत्रांतील चौसष्ट कलांत मेंढे, कोंबडे व लावे झुंजविण्याची कला गणली आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत (इ. स. ११२९ च्या सुमारास) राजाच्या करमणुकींत कुक्कुटविनोदास स्थान आहे. मनुस्मृतींत गांवकोंबडा द्विजांस अभक्ष्य म्हटला आहे. रानकोंबडा व गांवकोंबडा हा भेद स्मृतिकालीं स्पष्ट होता, ह्याचा पुरावा म्हणून खुद्द डार्विन यांनींहि ह्या वचनाचा उपयोग केला आहे.

प्रस्तुत विषयास सर्वांत जवळचें प्रकरण वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील कुक्कुटलक्षण हें होय. गाय, कुत्रा, कांसव, बोकड, घोडा यांच्या लक्षणांच्या मालिकेंत तें येतें. सरळ पिसें व सरळ बोटें असलेला, मुख, नखें व तुरा तांब्याच्या वर्णाचा असलेला, पहांटे चांगला आरवणारा पांढरा कोंबडा राजास शुभ, अशा प्रकारचें तें वर्णन आहे. ग्रंथकारानें पक्षी लक्षपूर्वक पाहिला होता ह्यांत संशय नाहीं.

परंतु लक्षणग्रंथाचा विषय वाढलेल्या पक्ष्याची परीक्षा हा आहे. डोळ्यांस काय दिसावें तें तो सांगतो. बीजांत काय दडलें आहे तें सांगणें त्याच्या कक्षेबाहेरचें. ह्या बाबतींत आमचे प्राचीन ग्रंथकार व अर्वाचीन पाश्चात्य पक्षिपालक यांत मोठासा भेद नाहीं. इंग्लंडांत १८६५ सालीं व अमेरिकेंत १८७४ सालीं कोंबड्यांच्या जातींचीं मान्य लक्षणें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. प्रयोजन निराळें, पण जात तीच: तेथें राजाचें शुभाशुभ, येथें प्रदर्शनांतील बक्षीस. तुरा कसा, शेंपूट कसें, पिसाची कड किती रुंद, हें सर्व त्यांत असतें. त्या नरापासून किती अंडीं फळलीं आणि किती पिलें वांचलीं, हें पंचासमोरच्या पिंजऱ्यांत दिसत नाहीं. घोटाळ्याचें मूळ येथें आहे.

३. सेब्राइट यांचें पत्र

सर जॉन सॉण्डर्स सेब्राइट (१७६७–१८४६) हे हर्टफर्डशायर परगण्यांतील जमीनदार व पार्लमेंटचे सभासद होते. त्यांनीं सोनेरी व रुपेरी अशा दोन रंगांचा एक बँटम वंश तयार केला. त्याच्या प्रत्येक पिसास काळी रेखीव किनार असते, आणि नराचीं मान, पाठ व शेंपूट येथील पिसें मादीसारखीं असतात. विळ्यासारखीं वांकडीं लांब पिसें नराच्या शेंपटास नसतात. डार्विन यांनीं दिलेल्या हकीकतीप्रमाणें १८०० च्या सुमारास सामान्य बँटमाचा पोलिश नांवाच्या तुरेवाल्या जातीशीं संकर करून, पुढें मादीसारख्या शेंपटाच्या बँटमाशीं पुन्हां जुळवून व काळजीपूर्वक निवड करून हा वंश साधला. १८१० च्या सुमारास ह्या एकाच वंशाकरितां पालकांचें स्वतंत्र मंडळ निघालें.

१८०९ सालीं सेब्राइट यांनीं रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांस उद्देशून पाळीव जनावरांची पैदास सुधारण्याच्या कलेविषयीं एक पत्र छापून प्रसिद्ध केलें. पत्र लहान आहे, पण त्याची योग्यता मोठी. इंग्लंडांत तेव्हां रॉबर्ट बेकवेल यांच्या पद्धतीची कीर्ति झाली होती: उत्तम जनावराची जवळच्या नात्यांतच जोडी जुळवून गुण पक्के करावयाचे. सेब्राइट यांनीं ह्या रीतीची शक्ति नाकारली नाहीं. परंतु तीच पिढ्यान्‌पिढ्या चालविल्यास जात खालावते असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें, आणि तेंहि तर्कानें नव्हे तर स्वतः केलेल्या प्रयोगांवरून. कुत्रे, कोंबड्या व कबुतरें यांवर त्यांनीं हा प्रयोग केला होता. धिप्पाड शिकारी कुत्र्यांचीं पुढें मांडीवर बसणारीं दुबळीं कुत्रीं झालीं. कोंबड्या पायांनीं लांब, अंगानें लहान झाल्या, आणि त्यांची प्रजननशक्ति बिघडली.

त्याच पत्रांत आणखी एक विचार आहे. कडक हिंवाळा किंवा अन्नाचा तुटवडा दुबळ्यांस मारून टाकतो व त्यामुळें उत्तम निवडीचीं फळें सृष्टीस आपोआप मिळतात, असें ते म्हणतात. पन्नास वर्षांनीं डार्विन यांनीं जो सिद्धान्त विस्तारानें मांडला त्याची ही पूर्वसूचना होय. आमच्या विषयापुरतें त्याचें तात्पर्य निराळें आहे. खुराड्यांत ऊब, निवारा व दाणा देऊन पालक ही सृष्टीची चाळण काढून टाकतो. म्हणून जोम पाहून निवड करण्याचें ओझें सर्वस्वीं त्याच्याच शिरावर येतें. त्यानें केवळ पिसें पाहून निवड केली, तर चाळण कोणाचीच उरत नाहीं.

४. डार्विन यांची साक्ष

आतां ह्या सूचनेचें पुढें काय झालें तें पाहूं. डार्विन यांचा पाळीव प्राणी व वनस्पति यांच्या रूपभेदांवरील ग्रंथ १८६८ सालीं निघाला. त्यांत सेब्राइट वंशाचा उल्लेख अनेक स्थळीं येतो. मूळ पुरुषाच्या कळपापासून सरळ उतरलेले रुपेरी बँटम आपण पाहिले, ते जवळजवळ संकरज प्राण्यांइतकेच वांझ होते, आणि त्या वर्षीं अंड्यांच्या दोन भरलेल्या रवणींतून एकहि पिलूं निघालें नाहीं, अशी प्रत्यक्षदर्शी साक्ष त्यांनीं नोंदविली आहे.

ह्या साक्षीचें महत्त्व पुराव्याच्या दृष्टीनें मोठें आहे. साक्षीदार पाहिलेली गोष्ट सांगतो. पक्ष्यांची परंपरा ज्ञात आहे. आणि ज्याच्या नांवाचा हा वंश, त्यानेंच साठ वर्षांपूर्वीं ह्या परिणामाचें कारण छापून ठेवलें होतें. पिसांवरील किनार पिढ्यान्‌पिढ्या शाबूत राहिली; पत्र मात्र कोणी उतरून घेतलें नाहीं. पोथ्यांच्या व्यवहारांत आपणांस हें अपरिचित नाहीं. वेलबुट्टी व सुवर्णाक्षरें जपून उतरणारा नकलनवीस समासांतील शोधपत्र गाळून जातो.

डार्विन यांनीं हेविट नांवाच्या अनुभवी पालकाचें एक निरीक्षणहि दिलें आहे. सेब्राइट नराच्या शेंपटांतील दोन मुख्य पिसें नुसतीं अर्धा इंच लांब असलीं, म्हणजे पिसाऱ्याचें मादीसारखेंपण किंचितसें जरी कमी असलें, तरी तो नर अधिक फलदायी निघण्याचा संभव वाढतो, असें त्यांस आढळलें होतें. म्हणजे पंचांनीं ज्यास दोष म्हणावा तोच नर वंश चालविण्यास अधिक उपयोगी. प्रदर्शनांत पहिला येणारा नर व चांगलीं पिलें देणारा नर हे एकच असतीलच असें नाहीं, हें ह्यावरून ध्यानांत येतें.

नराचीं पिसें मादीसारखीं कां होतात ह्याचा उलगडा विसाव्या शतकांत झाला. अमेरिकन शास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन यांनीं सेब्राइट नरांचे वृषण काढून पाहिले. तेव्हां त्यांस सामान्य नरासारखींच लांब पिसें फुटलीं. हें संशोधन १९१९ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें असें समजलें कीं, ह्या वंशांत पुरुषद्रव्याचें स्त्रीद्रव्यांत रूपांतर करणारें एक विकर त्वचेंतहि निर्माण होतें व त्यामुळें पिसें मादीचें रूप घेतात. नराचा ठेवणीचा पिसारा वंशांतून नाहींसा झालेला नसतो. तो आंत झांकलेला असतो. डार्विन यांनीं उल्लेखिलेल्या अंडाशय बिघडलेल्या एका सेब्राइट मादीस म्हातारपणीं नराचीं लांब विळ्यासारखीं पिसें आलीं, त्याचा अर्थहि हाच: नष्ट झाला असें वाटणारा पाठ प्रतीच्या पोटांत शिल्लक होता.

५. चाबो : आदर्शांतील दोषाचें स्पष्ट उदाहरण

सेब्राइटच्या बाबतींत वंशदोष व संगोपनदोष यांची सीमा कोठें आहे असा प्रश्न कोणी काढूं शकेल. जपानांतील चाबो वंशांत मात्र ती सीमा हिशेबानें दाखवितां येते. चाबो हें नांव चंपा ह्या राज्याच्या नांवावरून आलें असें मानतात. ही चंपा म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या किनाऱ्यावरील, संस्कृत शिलालेखांमुळें आपणांस परिचित असलेली, तिच्यावर डॉ. रमेशचंद्र मजुमदार यांचा ग्रंथ १९२७ सालीं प्रसिद्ध झाला. तेथून आलेल्या ह्या कोंबड्यांची जोपासना जपानांत तोकुगावा राजवटींत झाली, आणि १९४१ सालीं जपानी सरकारनें हा वंश राष्ट्राचा नैसर्गिक ठेवा म्हणून जाहीर केला.

चाबोचें मुख्य लक्षण आंखूड पाय. शरीर जवळजवळ जमिनीस टेंकलेलें व शेंपूट डोक्याच्या वर सरळ उभें, अशी त्याची शोभा. आंखूड पायाच्या नर-मादीचीं अंडीं उबविलीं असतां कांहीं गर्भ आंतच मरतात, आणि कांहीं पिलें लांब पायांचीं निघतात. संगोपनांत चूक झाली असें समजून पालक ऊब व दाणा बदलीत राही, आणि लांब पायांचीं पिलें रक्त अशुद्ध म्हणून काढून टाकी. हे दोन्ही समज चुकीचे होत.

वॉल्टर लांडाउअर व एल. सी. डन यांनीं १९३० सालीं आंखूडपाय्या कोंबड्यांवरील संशोधन प्रसिद्ध केलें. पाय आंखूड करणारें बीज मातापित्यांपैकीं एकाकडूनच आलें तर पिलूं आंखूड पायांचें होतें. दोघांकडून आलें तर तो गर्भ बहुधा उबविण्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशींच मरतो. २०१६ सालीं ह्या बीजाचें नेमकें स्थानहि सांपडलें: हाडांच्या वाढीस लागणारा एक अंश तेथें तुटलेला असतो. म्हणजे ज्यास शोभा म्हटलें तीच दुप्पट झाली असतां मृत्यु. शुद्ध आंखूड पायांचा वंश, म्हणजे ज्याचीं सर्व पिलें आंखूड पायांचींच निघतील असा, होऊंच शकत नाहीं.

हिशेब असा. आंखूड पायांच्या नर-मादीचीं १०० फळलेलीं अंडीं घेतलीं तर सरासरीनें २५ गर्भ मरतात, ५० पिलें आंखूड पायांचीं व २५ लांब पायांचीं निघतात. उलट आंखूड पायांच्या नरास त्याच वंशांतील लांब पायांची मादी दिली, तर १०० अंड्यांतून ५० आंखूड व ५० लांब पायांचीं निघतात, आणि ह्या कारणानें एकहि गर्भ मरत नाहीं. आंखूड पायांच्या पिलांची संख्या दोन्ही रीतींत तीच, ५०. मग २५ गर्भांचा बळी कशासाठीं? केवळ दोन्ही पक्षी लक्षणांत बसावेत ह्या हट्टासाठीं. ज्या लांब पायांच्या मादीस लक्षणग्रंथ बाहेर काढतो, तिच्याच पोटीं वंशाची सुरक्षितता आहे.

६. दोषांची फोड

आतां व्यवहाराकडे वळूं. पिलें निरोगी व्हावीं असें ज्यास वाटतें त्यानें प्रथम नोंदवही ठेवावी, असें आमचें मत आहे. कोणत्या जोडीचें अंडें, कोणत्या तारखेस घातलें, केव्हां रवणीस बसविलें व त्याचें काय झालें, हें प्रत्येक अंड्याविषयीं लिहावें. प्रत्येक पक्ष्याच्या पायांत आंकड्याची कडी असावी. अंडें सातव्या दिवशीं अंधाऱ्या खोलींत दिव्यासमोर धरून पाहिलें असतां तीन प्रकार दिसतात. अंडें स्वच्छ असेल तर तें बहुधा फळलेंच नाहीं. दोष बहुतेक नराकडचा. आंत रक्ताचें नुसतें कडें दिसलें तर गर्भ आरंभींच मेला. आंखूड पायांच्या जोडींत, किंवा जवळच्या नात्याच्या जोडींत, असें वारंवार घडल्यास वंशाकडे पाहावें. अंडें फार दिवस ठेवल्यानेंहि असें होतें, म्हणून आठवड्यापेक्षां जुनें अंडें उबविण्यास घेऊं नये. तरच नोंदीचा निष्कर्ष निर्दोष राहील. तिसरा प्रकार जिवंत गर्भाचा, त्यांत शिरांचें जाळें स्पष्ट दिसतें. असा गर्भ पुढें पूर्ण वाढून कवचांतच मेला, तर उष्णता, ओलावा किंवा अंडें फिरविणें ह्यांतील चूक प्रथम शोधावी. आईच्या आहारांतील उणीवहि तपासावी. हीच आमची आदर्शदोष व लेखकदोष यांची फोड.

उबविण्यास खुडूक बँटम कोंबडी उत्तम. इंग्लंडांत बँटम माद्यांच्या पोटाखालीं रानपक्ष्यांचीं अंडींहि घालीत, इतकी त्यांची ह्या कामाबद्दल ख्याति होती. यंत्र वापरल्यास हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्रांत ३७·५ अंश सेंटिग्रेड उष्णता राखावी, अंडीं दिवसांतून अनेक वेळां फिरवावीं व अठराव्या दिवसानंतर फिरविणें थांबवावें. कोंबडीचें अंडें २१ दिवसांनीं फुटतें. बँटमांचें कित्येकदां एक दिवस आधींच फुटतें, तेव्हां तयारी अगोदर ठेवावी.

पिलांस पहिल्या आठवड्यांत सुमारें ३५ अंश ऊब लागते. पुढें दर आठवड्यास सुमारें तीन अंशांनीं कमी करावी. पिलें दिव्याखालीं गर्दी करूं लागलीं तर थंडी वाजते आहे, दूर पळून चोंच उघडी टाकूं लागलीं तर उष्णता जास्त आहे, असें समजावें. पिलें स्वतःच उष्णमापक आहेत. पाण्याचें भांडें उथळ असावें व त्यांत स्वच्छ खडे घालावे, कारण हीं चिमुकलीं पिलें खोल भांड्यांत बुडून मरतात. दाणा बारीक भरडलेला, पण केवळ कण्यांचा नसावा. वाढीच्या आरंभीं शेंकडा २० च्या आसपास प्रथिनें मिळालीं पाहिजेत.

रोगांपैकीं तिघांचा उल्लेख करणें अवश्य आहे. ओल्या अंथरुणांतून रक्ती हगवण होते. खुराडें कोरडें ठेवणें हा तिच्यावर पहिला उपाय. मानमोडीस आपल्याकडे राणीखेत हें नांव कुमाऊंतील गांवावरून मिळालें. तिच्या पहिल्या नोंदी मात्र १९२६ सालच्या, जावा बेट व इंग्लंडांतील न्यूकॅसल येथील आहेत. तिच्यावर लस आहे व ती वेळेवर द्यावी. तिसरा मारेक यांचा रोग, १९०७ सालीं बुडापेस्ट येथील योसेफ मारेक यांनीं वर्णिलेला. त्यानें तरुण पक्ष्याचे पाय व पंख लुळे पडतात. त्याची लस पिलूं निघालें त्याच दिवशीं द्यावी लागते. सेब्राइट पिलें ह्या रोगास विशेष बळी पडतात असा पालकांचा अनुभव आहे. लस हा संगोपनाचा उपाय. परंतु रोगाच्या सांथींतून जे पक्षी वांचले त्यांची नोंद ठेवून त्यांस पुढील जोडींत प्राधान्य देणें हा वंशाचा उपाय. दोन्ही पाहिजेत.

जोडी जुळवितांना आमची सूचना एवढीच. दिसण्यांत पहिला आलेला नर एकटाच सर्व माद्यांस देऊं नये. एकाच वंशाच्या दोनतीन शाखा निरनिराळ्या ठेवून कांहीं वर्षांनीं त्यांत अदलाबदल करावी, आणि शाखा सुकूं लागली तर दूरच्या कळपाचें रक्त आणण्यास कचरूं नये. येथें पोथीचा दृष्टान्त सुटतो, हें आम्ही कबूल करतों. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण झालें. त्याच्या प्रस्तावनेंत डॉ. वि. सी. सुखठणकर यांनीं दाखविल्याप्रमाणें, भिन्न परंपरांच्या प्रतींचें मिश्रण संपादकास मोठी अडचण करतें. सजीव प्रतीस तेंच मिश्रण औषध होतें. पोथीचा पाठ जितका अमिश्र तितका बरा. रक्त मात्र फार काळ अमिश्र राहिलें तर पाठच बंद पडतो.

७. उपसंहार

ह्या सर्व विवेचनावरून आम्ही असा निर्णय करतों कीं, शोभेच्या कोंबड्यांच्या वंशाचा इतिहास म्हणजे त्याच्या लक्षणांचा इतिहास नव्हे. न निघालेल्या पिलांचाहि तो इतिहास आहे. सेब्राइट यांच्या पत्रानें धोका सांगितला होता, पण पत्र व पक्षी यांची फारकत झाली. डार्विन यांनीं दोन रिकाम्या रवणींची नोंद केली नसती, तर त्या फारकतीचा परिणाम किती झाला हें आज सांगतां आलें नसतें. चाबोचा हिशेबहि मेलेले गर्भ मोजल्यामुळेंच लागला.

सबब संग्राहकांस आमची विनंति अशी. जुन्या कागदपत्रांत पक्षिपालनाच्या नोंदवह्या, प्रदर्शनांच्या याद्या किंवा पैदाशीचीं टिपणें सांपडलीं तर क्षुल्लक म्हणून रद्दींत घालूं नयेत. ज्यांत बक्षिसांची यादी आहे त्यापेक्षां ज्यांत फुटलेल्या, सडलेल्या व निर्बीज अंड्यांची मोजदाद आहे तो कागद अधिक मोलाचा समजावा. आणि जे कोणी ह्या चिमुकल्या पक्ष्यांचे वंश आज पाळीत आहेत, त्यांनीं आपापली वही लिहीत जावी. पुढील पिढीचा संशोधक पक्ष्यासह तीच मागेल. इत्यलम्.